दांडी न मारता समीकरणं शिकवायची कशी

"ताई, हे पाच तिकडं गेले तं मायनस काऊन झाले?"

आमच्या ओसरीवर संध्याकाळचा अभ्यास सुरू केला, त्याच आठवड्यात सातवीतल्या एका पोरानं हा प्रश्न टाकला. फळ्यावर क्ष + ५ = १२ होतं. माझं गणित घेऊन बीएस्सी झालेलं, पण उत्तर दिलं ते असं: "नियमच आहे तसा. बाजू बदलली की चिन्ह बदलतं." पोरगं शहाणं. त्यानं तो नियम वहीत चौकट करून लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ३क्ष = १२ दिलं, तर त्यानं लिहिलं, क्ष = १२ − ३, म्हणून क्ष = ९. मी त्याच्यावर रागावले. रात्री भाकरी थापताना लक्षात आलं, की त्यानं माझाच नियम तंतोतंत पाळला होता. तीन पलीकडे नेले, चिन्ह बदललं. खोट नियमात होती, आणि नियम मी दिला होता.

याला आता सहा वर्षं झाली. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव लहान, शिकवणी वर्ग नाही. अडलं तर विचारायला कोणी नाही. या काळात जे जमलं आणि जे फसलं ते इथं क्रमानं लिहिते. गावात नव्यानं पोरांचा अभ्यास घ्यायला बसणाऱ्या बारावी झालेल्या ताया-दादांसाठी हे आहे. नुकतेच लागलेले शिक्षक आणि आठवीतल्या लेकराची वही उघडून गांगरलेले आईबाप यांनाही उपयोग होईल.

विषय एकचल समीकरणांचा. अज्ञात संख्या एकच, आणि तिचा वर्ग-घन काही नाही. बालभारतीच्या पुस्तकात सहावीत तोंडओळख होते, आठवीत पूर्ण प्रकरण येतं आणि नववीत दोन चलांची समीकरणं येतात. म्हणजे आठवीत जे कच्चं राहतं ते नववीत दुप्पट होऊन समोर उभं राहतं. पुस्तकात एक्स, वाय, एम अशी अक्षरं असतात. मी इथं क्ष लिहिते आहे. माझ्या वडिलांच्या वेळी शाळेत क्षच होता.

पहिल्या दिवशी समीकरण काढूच नका

त्याऐवजी ही सहा गणितं द्या आणि गप्प बसून बघा:

−७ + ३
−४ − ५
६ − (−२)
(−३) × ४
−१२ ÷ (−४)
२० चा पाऊण भाग

उत्तरं −४, −९, ८, −१२, ३ आणि १५. दोनपेक्षा जास्त चुकली तर समीकरणं आठ दिवस बाजूला ठेवा. "मले समीकरण येत नाही" म्हणणारी निम्मी पोरं खरं तर −४ − ५ पाशीच अडलेली असतात. दोन वजा म्हणजे अधिक, हा गुणाकाराचा नियम ते बेरजेला लावतात आणि +९ लिहून मोकळे होतात. इथं उधारीचा आधार घ्या. दुकानात चार रुपये उधारी आहे, आज आणखी पाचाचा माल उचलला, तर उधारी नऊ. ६ − (−२) साठी: खिशात सहा शिल्लक आणि दुकानदारानं दोनाची उधारी माफ केली, तर तुमची बाजू दोननं वर गेली. गावातल्या लेकराला उधारी समजावून सांगावी लागत नाही.

'बरोबर'चं चिन्ह म्हणजे काय

आता हे लिहा: ८ + ४ = □ + ५. चौकोनात काय?

बहुतेक जण १२ लिहितात. एखादा सगळ्यांची बेरीज करून १७ लिहितो. ७ लिहिणारा क्वचित. पहिलीपासून त्यांनी = हे चिन्ह 'आता उत्तर लिही' अशा हुकमासारखंच पाहिलेलं असतं. डावीकडे काम, उजवीकडे उत्तर. हा समज मोडल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या माणसानं पहिल्यांदा छापलं. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा त्यानं निवडल्या, कारण याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. पोरांना ही गोष्ट आवडते. त्यांना वाटतं चिन्हं आभाळातून पडली, आणि इथं कळतं की एका माणसानं बसून विचार केला होता.

पण खरं काम तागडी करते. आमचं किराणा दुकान बंद पडल्यावर जुनी तागडी माळ्यावर होती, ती उतरवली. तुमच्याकडे नसेल तर काठीच्या मधोमध दोरी बांधून दोन टोकांना सारखी दोन झाकणं टांगा. काम भागतं.

पहिल्यांदा मी काडेपेट्यांत चिंचोके भरले आणि फजिती झाली. चिंचोके लहानमोठे, त्यामुळे तेरा आणि चौदा सारखेच भरायला लागले, आणि पोरं हसायला. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानातून एकाच मापाचे नट आणले. आता मांडणी अशी: तीन काडेपेट्यांत चार-चार नट घालून पेट्या बंद करा. कोणाला आकडा सांगू नका. डाव्या पारड्यात या तीन पेट्या आणि दोन सुटे नट, उजव्या पारड्यात चौदा सुटे नट. पण पेटीलाही वजन असतं, म्हणून उजवीकडे तीन रिकाम्या पेट्याही ठेवायच्या. बाजारातला माणूस पासंग लावतो तसंच हे. दांडी सरळ होते.

"पेटीत किती नट आहेत? उघडायचं नाही."

एक जण डावीकडचे दोन सुटे नट उचलतो. दांडी वाकडी होते. कोणीतरी ओरडतं, "तिकडचेबी दोन काढ ना बे!" काढले की दांडी सरळ. आता तीन पेट्या आणि बारा नट. पुढचं ते स्वतःच करतात: बाराचे तीन वाटे, एका पेटीला चार. मग पेटी उघडायची. आत चार निघाले की जो गलका होतो, तो मी फळ्यावर कितीही खडू झिजवला तरी होत नाही.

दुकानदार दांडी मारतो म्हणजे काय करतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूला काही केलं आणि दुसऱ्या बाजूला केलं नाही, तर ती दांडी मारली. आमच्याकडे हाच शब्द रुळला. वही तपासताना पोरं एकमेकांना म्हणतात, "इथं तू दांडी मारली." मला वेगळं काही बोलावं लागत नाही.

तागडीची मर्यादाही सांगून टाका. क्ष − ९ = ४ तिच्यावर मांडता येत नाही, कारण उणे वजनाचं माप कोणाकडे नसतं. तिथं वहीवर यायचं. नऊ वजा झालेत, तर दोन्ही बाजूंत नऊ मिळवा. तीन दिवसांनी तागडी परत माळ्यावर. जास्त दिवस ठेवली तर तिचा खेळ होतो.

शिदोरी सोडायची रीत

सुरुवात चार प्रकारांनी करा: क्ष + ७ = १५, क्ष − ९ = ४, ६क्ष = ४२, क्ष/५ = ३. प्रत्येकी दहा. पोरं तोंडी उत्तरं देतील, देऊ द्या. पण वहीत पायरी हवी.

मग दोन पायऱ्यांचं: ३क्ष + ५ = २६. इथं पोरांचा प्रश्न असतो, आधी पाच घालवू की तीन? त्यावर मी शेतात नेण्याची शिदोरी दाखवते. भाकरी डब्यात, डबा फडक्यात, फडक्याला गाठ. खायच्या वेळी गाठ आधी सुटते, भाकरी शेवटी हाती येते. क्षला आधी तीननं गुणलं, नंतर पाच मिळवले. सोडताना आधी पाच, मग तीन.

कोणी आधी तीननं भागलं तर लगेच चूक म्हणू नका. त्यानं पाचलाही भागलं का ते बघा. क्ष + ५/३ = २६/३ हे बरोबरच आहे, फक्त उगाच अपूर्णांकांचा चिखल तुडवावा लागतो. ५ तसाच ठेवला असेल तर मात्र दांडी मारली.

वहीतली मांडणी पहिले पंधरा दिवस अशीच:

३क्ष + ५ = २६
३क्ष + ५ − ५ = २६ − ५
३क्ष = २१
३क्ष/३ = २१/३
क्ष = ७

बरोबरची चिन्हं एकाखाली एक. एका ओळीत एकच काम. दुसरी आणि चौथी ओळ पोरांना कंटाळवाणी वाटते, तरी सोडू द्यायची नाही. पंधरा दिवसांनी ते आपणहून विचारतात, "हे मनात केलं तं चालते का?" चालतं. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य बोलायची वेळ तेव्हा येते. तोवर त्यांनी ते पन्नास वेळा होताना पाहिलेलं असतं. शाळेत हा नियम आधी सांगितला असेल तर शाळेशी वाद घालू नका. पोराला एवढंच विचारा: पाच तिकडं गेले म्हणजे नेमकं काय केलं?

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा. ३क्ष + ५ = २६ = २६ − ५ = २१ = ७, अशी आगगाडी. हिच्या म्हणण्याप्रमाणे २६ आणि ७ सारखे झाले. उत्तर बरोबर आलं तरी अशा गणिताला मी गुण देत नाही. एका आईनं यावरून माझ्याशी भांडण केलं होतं, तरी देत नाही.

ताळा

या सगळ्या लेखातलं एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. भूमितीतली सिद्धता बरोबर आहे का, निबंध बरा आहे का, हे सांगायला कोणीतरी जाणतं लागतं. समीकरणाचं तसं नाही. आलेली किंमत मूळ समीकरणात टाका. डावी बाजू ३ × ७ + ५ = २६, उजवी बाजू २६. जुळलं, विषय संपला. ज्या गावात रात्री आठ वाजता गणित तपासून द्यायला कोणी नाही, तिथल्या पोराच्या हातात हा तपासनीस आयताच आहे.

दोन गोष्टी सांभाळा. किंमत मूळ समीकरणात टाकायची, मधल्या ओळीत नाही. पहिल्या ओळीतून दुसरीत येतानाच चूक झाली असेल तर मधली ओळ खोटी साक्ष देते. आणि ताळा जुळला नाही तर अख्खं गणित खोडू द्यायचं नाही. तीच किंमत एकेका ओळीत टाकत वरून खाली या. उत्तराची किंमत चुकीच्या पायरीच्या खालच्या ओळींत जुळते, वरच्या ओळींत जुळत नाही. जिथून जुळायला लागलं, त्याच्या नेमक्या वरच्या पायरीत चूक. पोरांना हे चोर पकडण्यासारखं वाटतं.

क्ष दोन्हीकडे आला की

७क्ष − ४ = ३क्ष + २०. दोन्हीकडून ३क्ष काढा, दोन्हीकडे ४ मिळवा: ४क्ष = २४, क्ष = ६. ताळा: ३८ आणि ३८.

हा प्रकार शिकवताना मी ट्रॅक्टरचं उदाहरण घेते. एक ट्रॅक्टरवाला यायचे ४०० रुपये आणि एकराला ९०० घेतो. दुसरा यायचे १०००, पण एकराला ७००. किती एकराला दोघांचे पैसे सारखे?

४०० + ९००क्ष = १००० + ७००क्ष
२००क्ष = ६००
क्ष = ३

तीन एकराला दोघंही ३१०० घेतील. मग विचारा, आपलं वावर पाच एकर असेल तर कोणाला बोलवायचं? (दुसऱ्याला. ४५०० विरुद्ध ४९००.) हे आकडे माझे आहेत. तुम्ही आपल्या गावातला चालू दर घाला, पोरं घरी विचारून आणतात. एका मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी स्वतः आले होते, थ्रेशरचा असाच हिशेब घेऊन.

कंस

५(क्ष − ३) = २(क्ष + ६). कंसाबाहेरचा ५ आतल्या दोघांनाही मिळाला पाहिजे. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात वाढतात, पहिल्यालाच वाढून पुढं जात नाहीत. ५क्ष − १५ = २क्ष + १२, ३क्ष = २७, क्ष = ९. दोन्ही बाजू ३०.

खरी खोड कंसाआधीच्या वजा चिन्हाची. १० − २(क्ष − ३) = ४ हे गणित दहा जणांना द्या, सहा-सात जण १० − २क्ष − ६ = ४ लिहितील. त्यांना क्ष = ० मिळेल. सांगू नका, ताळा करायला लावा. १० − २ × (−३) = १६, पाहिजे होते ४. मग परत फिरून −२ × −३ = +६ सापडतं: १६ − २क्ष = ४, क्ष = ६.

अपूर्णांक, आणि आमचे आबाजी

क्ष/२ + क्ष/३ = १०. रीत अशी: छेदांचा लसावि ६, त्यानं प्रत्येक पदाला गुणा. ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२. नेहमीची चूक म्हणजे उजवीकडचा १० विसरणं. ५क्ष = १०, क्ष = २. पुन्हा दांडीच.

हे गणित मी एकदा गोष्ट करून सांगत होते: एकानं आपल्या संत्र्यांपैकी अर्धी एकाला आणि तिसरा हिस्सा दुसऱ्याला दिला, मिळून दहा गेली, तर होती किती? शेजारचे आबाजी ओसरीच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. पोरं वहीत खाली मान घालून असताना ते म्हणाले, "बारा." कसं काढलं विचारलं तर म्हणाले, "सहा धरले. अर्धे तीन, तिसरा हिस्सा दोन, झाले पाच. आपल्याले पाह्यजे दहा. मंग दुप्पट धरा ना."

या रीतीला नाव आहे, इष्टकर्म. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ती शिकवली आहे: मनाला येईल ती संख्या धरा, सांगितलेल्या क्रिया करा, जे येईल त्याच्या प्रमाणात धरलेली संख्या वाढवा किंवा कमी करा. त्यांचंच एक गणित पोरांना घाला: एका संख्येला ५ नं गुणलं, आलेल्यातून त्याचाच तिसरा हिस्सा वजा केला, उरलेल्याला १० नं भागलं, त्यात मूळ संख्येचा तिसरा, दुसरा आणि चौथा हिस्सा मिळवला, तर ६८ आले. १२ धरा: ६०, त्यातून २० गेले, ४०, दहानं भागून ४, त्यात ४ + ६ + ३ मिळवून १७. पाहिजेत ६८, म्हणजे चौपट. उत्तर ४८.

मात्र ही रीत सगळीकडे चालत नाही. ३क्ष + ५ = २६ ला ती लावून बघा. ४ धरले तर १७ येतात, आणि २६ ला १७ नं भागून काही हाती लागत नाही. तो सुटा ५ मध्ये आडवा येतो. प्रत्येक पदात क्ष असेल आणि पलीकडे नुसती संख्या असेल, तरच इष्टकर्म चालतं. दोन्ही करून दाखवा. समीकरणाची गरज का पडते ते पोरांना इथं कळतं. भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्-तावत्' म्हणत, जेवढं असेल तेवढं. क्षचा अर्थ यापेक्षा सोपा मला सांगता येत नाही.

शाब्दिक उदाहरणं

इथं अडचण गणिताची कमी, मराठीची जास्त. 'एका संख्येच्या तिपटीपेक्षा ५ नं कमी' हे पोरं ५ − ३क्ष लिहितात. 'कमी' ऐकलं की वजा, आणि पाच दिसले की पाच पुढं. उपाय साधा आहे: आधी खऱ्या आकड्यावर बोलून बघा. संख्या १० असती तर? तिप्पट ३०, पाचनं कमी २५. कसे आले? ३० − ५. आता १० च्या जागी क्ष: ३क्ष − ५.

सव्वापट, दीडपट, अडीचपट या शब्दांचीही उजळणी घ्या. पावणेदोन म्हणजे १ पूर्णांक ३/४, हे म्हाताऱ्यांना झोपेतही सांगता येतं, आठवीतल्या पोराला विचार करावा लागतो.

पहिली ओळ नेहमी मराठीत लिहायची: 'समजा काकूनं वेचलेला कापूस = क्ष किलो.' नुसतं 'समजा कापूस = क्ष' चालणार नाही. कोणाचा कापूस, किलो की क्विंटल? आईनं काकूपेक्षा १२ किलो जास्त वेचला, दोघींचा मिळून ५८ किलो भरला. क्ष + क्ष + १२ = ५८, क्ष = २३. इथं थांबणारी पोरं भरपूर. प्रश्न आईचा असेल तर उत्तर ३५.

एसटीचं उदाहरण आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच्या वर्षापासून फुकट. बाबा, आई, दहा वर्षांची ताई आणि ७८ वर्षांचे आबाजी तालुक्याला गेले, कंडक्टरनं १२० रुपये घेतले. पूर्ण तिकीट किती?

क्ष + क्ष/२ + क्ष/२ + ० = १२०

२क्ष = १२०, क्ष = ६०. आबाजींचं शून्य लिहायला लावा. कोणालाही विसरलो नाही, याचा तो पुरावा.

वयाच्या गणितांना चौकट आखा: एक रकाना 'आज', दुसरा '१२ वर्षांनी'. बाप आज लेकाच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट. आजच्या रकान्यात ३क्ष आणि क्ष, पुढच्यात ३क्ष + १२ आणि क्ष + १२. म्हणून ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२, बाप ३६ चा. चौकट नसली की पोरं बापाचंच वय वाढवतात. लेक तेवढाच राहतो.

रोज किती

रोज आठ. रविवारी चाळीस नव्हे. आठातली पाच आजच्या प्रकारातली, तीन मागची, आणि ती मिसळून. एकाच प्रकारची वीस दिली की सहाव्या गणितापासून हात चालतो, डोकं बंद असतं. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा हीच आठ पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. वेचणीच्या दिवसांत पोरं कमी येतात. तेव्हा नवीन काही काढू नका, नुसती मिसळ चालू ठेवा.

चुकांची वेगळी वही करा. त्यात चुकलेली ओळ जशीच्या तशी आणि तिच्याखाली दुरुस्त ओळ, बस. महिन्यानं पानं चाळली की एकेका पोराची एकच एक खोड दिसते. कोणाचं कंसातलं वजा, कोणाचा लसावि.

उत्तर नेहमी धन पूर्णांकच येतं, हाही एक समज. तो लवकर मोडा. ५क्ष + २० = २क्ष + ११ चं उत्तर −३ आहे, ४क्ष + १ = ८ चं ७/४. आणि एखाद्या दिवशी २क्ष + ३ = २क्ष + ७ देऊन गंमत बघा. क्षच उडून जातो आणि ३ = ७ उरतं. म्हणजे अशी संख्याच नाही. उलट २(क्ष + ३) = २क्ष + ६ ला कोणतीही संख्या चालते.

शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस (आठवीतल्या गरजू मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) या परीक्षांत पर्याय दिलेले असतात. वेळ कमी असेल तर चारही पर्याय टाकून बघणं ही लबाडी नाही, तो ताळाच आहे. सरावात मात्र पर्याय झाकून ठेवा.

पुस्तकातली गणितं महिन्याभरात संपतात, आणि मागची उत्तरं पोरांना पाठ होतात. मग त्यांनाच गणितं करायला लावा. आधी उत्तर ठरवायचं, समजा ४. मग ते बांधायचं: तिप्पट १२, पाच मिळवून १७. झालं, ३क्ष + ५ = १७. पुढच्या पायरीत दोन्हीकडे क्ष मिळवायचा: ४क्ष + ५ = क्ष + १७. शिदोरी बांधायला आली की सोडायलाही येते. शनिवारी सगळे आपापलं गणित चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठ्या डब्यात, ज्याला जी येईल ती त्यानं सोडवायची. ज्याचं गणित चुकीचं बांधलेलं निघेल, त्यानं पुढच्या शनिवारी फळा पुसायचा.

गेल्या पोळ्याच्या सुमारास सहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी मला आली. 'आमच्या घरी कोंबड्या आणि बकऱ्या मिळून डोकी १७, पाय ४४. बकऱ्या किती?' हे नववीचं, दोन चलांचं गणित, पण बकऱ्या क्ष धरल्या की कोंबड्या १७ − क्ष, आणि एका चलात बसतं: ४क्ष + २(१७ − क्ष) = ४४. मी पाच बकऱ्या काढल्या आणि ताळा करायला तिच्या घरी गेले. बकऱ्या पाच होत्या. कोंबड्या अकराच दिसल्या. "एक खुडूक बसली आहे ताई, टोपल्याखाली," ती म्हणाली, आणि टोपलं उचलून दाखवलं.